बंद घरं आणि भाड्याच्या खोल्या: किनाऱ्यावरच्या एका नगरपरिषदेचं प्रकरण

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या नगरपरिषदेत २०२२ पासून पुढची दोन-अडीच वर्षं हे प्रकरण चाललं. मी तेव्हा तिथल्या कर विभागात होतो, म्हणजे पुढे जे काही चुकलं त्यात माझाही हात आहे. शहराचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. भाड्याचे आकडे गोळाबेरजेचे आहेत.

पार्श्वभूमी

शहर म्हणायचं म्हणून शहर. एक मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांनी उतरणाऱ्या पाखाड्या, खाली बंदर, वर एसटी स्टँड आणि त्याच्या पलीकडे ग्रामीण रुग्णालय. पाखाडीने उतरताना डाव्या-उजव्या हाताला चिऱ्याची घरं लागतात आणि त्यातल्या बऱ्याच घरांना कुलूप असतं. कुलपाला गंज चढू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात पंधरा दिवस ही घरं उघडतात. उरलेलं वर्ष अंगणात पातेरा साचतो.

यात नवल काही नाही. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांच्या घरात होती, ती २०११ मध्ये १६ लाख १५ हजारांवर आली. माणसं मुंबईला, ठाण्याला, डोंबिवलीला गेली. घरं इथेच राहिली.

राहायला जागा शोधणारी माणसं मात्र वाढत होती. रुग्णालयातल्या नर्स, बदलीवर आलेले शिक्षक, बँकेतली तरुण मुलं, कॉलेजचे विद्यार्थी, हॉटेलांत कामाला आलेली पोरं आणि बंदरातल्या ट्रॉलरवरचे खलाशी, त्यातले कितीतरी नेपाळचे. एक खोली-स्वयंपाकघर सहा हजारांना. अनामत मागतील तेवढी, कुठे तीस हजार, कुठे पन्नास. पावती नाही, करार नाही. करार असलाच तर शंभराच्या मुद्रांकावर नोटरीचा शिक्का मारलेला, अकरा महिन्यांचा.

त्यात पर्यटन आलं. सहा हजार महिना देणारी खोली मे महिन्यात एका रात्रीला दीड-दोन हजार देऊ लागली. मग एप्रिल उजाडला की घरमालक सांगणार, "मुंबईचे पाहुणे येणारेत, महिनाभर दुसरीकडे बघा." पाहुणे खरोखरचे किती आणि पैसे देणारे किती, हे दारातल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरून गावाला कळायचं.

निमित्त झालं रुग्णालयाचं. दोन नर्सनी राहायला जागा मिळत नाही म्हणून बदली मागून घेतली आणि तिसरी रोज एसटीने दीड तासाचा प्रवास करून येत होती. घाटात गाडी बंद पडली की रात्रपाळी रिकामी. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मुख्याधिकाऱ्यांना पत्र दिलं: आपल्या हद्दीत कर्मचाऱ्यांच्या निवासाची सोय व्हावी. हे पत्र फिरत फिरत माझ्या टेबलावर आलं, कारण घरांची यादी कर विभागाकडे असते.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या बैठकीत सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, घरं कमी आहेत. आमचे वसुली लिपिक कोपऱ्यात बसले होते. वीस वर्षं दर मार्चला दारोदार हिंडलेला माणूस. ते म्हणाले, "साहेब, घरं कमी कशी? मी बिलं चिकटवून येतो ना दारांना." त्यांनी त्याच आठवड्यात बंद घरांची यादी काढली. राहण्याजोगी, म्हणजे कौलं शाबूत, न्हाणी वापरात, वीजमीटर चालू अशी घरं दोन वॉर्डांतच चाळीसच्या वर निघाली.

मग मालक ती भाड्याने का देत नव्हते? आम्ही दोघा-तिघांनी फोनवर आणि गणपतीत प्रत्यक्ष भेटून विचारलं. तीन उत्तरं पुन्हा पुन्हा येत होती.

पहिलं उत्तर भीतीचं. खालच्या पाखाडीतल्या एका काकांनी मला पडवीत बसवलं, कोकम सरबत दिलं आणि म्हणाले, "आमच्या आज्याची जमीन अशीच गेली. एकदा चूल पेटली की माणूस उठत नाय." कोकणात ही भीती पोकळ नाही. १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, म्हणजे कसणारं कूळ जमिनीचं मालक ठरलं तो दिवस, घराघरांत अजून आठवतो. कोणी जमीन मिळवली, कोणी गमावली. दोघांच्याही नातवंडांना 'कूळ लागणं' हा शब्द ठाऊक आहे. शेतजमिनीचा तो कायदा आणि लिव्ह अँड लायसन्सने, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्यावर दिलेलं घर यांचा संबंध नाही, हे काकांना समजावताना माझी अर्धी दुपार गेली. त्यांनी मान हलवली. पटलं असं वाटलं नाही.

दुसरं उत्तर वाटण्यांचं. मिळकत पत्रिकेवर नाव आजोबांचं, वारस नऊ. एक बोरिवलीला, एक बडोद्याला, एका आत्याशी बोलणं नाही. सही कोणी करायची?

तिसरं उत्तर ऐकून मी गप्प बसलो, कारण ते आमच्याच खात्याबद्दल होतं. डोंबिवलीच्या एका मालकाने सरळ विचारलं, "भाड्याने दिलं की तुम्ही घरपट्टी किती लावणार?" आमच्याकडे पडलेली पद्धत अशी होती की स्वतः राहत्या घराची आकारणी जुन्या, बेताच्या दराने व्हायची आणि भाडेकरू सापडला की प्रत्यक्ष भाड्यावर. सहा हजार महिना म्हणजे वर्षाचे ७२,०००. त्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा, करयोग्य मूल्य ६४,८००. सगळे कर मिळून २४ टक्के धरले तर १५,५५२ रुपये. आधी तो मालक दीड हजाराच्या आत भरत होता. अडीच महिन्यांचं भाडं आम्हीच उचलत होतो. मग तो करार नोंदवेल कशाला? नोंदवला नाही की भाडेकरूच्या हातात कागद नाही. कागद नाही की मे महिन्यात त्याला उठवायला काहीच लागत नाही.

समोरचे पर्याय

कुणी सुचवलं, नगरपरिषदेने भाड्याचा दर ठरवून द्यावा. तो अधिकार आम्हाला नाही. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चालतो, तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे, आणि प्रमाण भाडं ठरवायचं काम न्यायालयाचं आहे. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा तयार केला, पण तो राज्यांनी स्वीकारला तरच लागू होतो आणि आमच्याकडे जुनाच कायदा होता.

दुसरा पर्याय बांधायचा. नगरपरिषदेची मोकळी जागा एक उतारावर, दुसरी खाडीलगत सीआरझेडमध्ये, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारपट्टीत. परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची केंद्राची योजना २०२० मध्ये आली होती, ती मुख्यतः शहरांतली सरकारी पैशांतून बांधलेली रिकामी घरं भाड्याने द्यायची किंवा नवी संकुलं उभारायची. आमच्याकडे असलं रिकामं संकुल नव्हतं आणि इतक्या लहान गावात संकुल बांधायला कोण येणार? रात्रपाळीचा प्रश्न या महिन्याचा होता.

तिसरा पर्याय एका माजी नगरसेवकांचा: बंद घरांवर जादा कर लावा, आपोआप उघडतील. बैठकीत टाळ्या पडल्या. मला तेव्हाही हे पटलं नव्हतं. चाकरमानी वर्षाला दोनदा येतो, पण देवळाची वर्गणी त्याची, शाळेचा पंखा त्याचा. त्याला दंड लावून त्याच्याच घरात परका माणूस ठेवायला सांगायचं, हे जमणारं नव्हतं.

उरला आमच्या हातातला एकच विषय, घरपट्टी. कायद्यात वार्षिक भाडेमूल्याचा अर्थ ते घर वाजवीपणे किती भाड्याला जाईल असा आहे. म्हणजे प्रत्यक्ष भाडं सापडलं की तेच धरायचं, ही कायद्याची सक्ती नव्हे, आमची सवय होती. प्रस्ताव असा निघाला: नोंदणीकृत कराराने दिलेल्या घराची आकारणी पुढच्या चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या फेरआकारणीपर्यंत बदलायची नाही. फेरआकारणीतही त्या भागाचाच सरसकट दर लावायचा.

इथे पहिला खरा निर्णयाचा क्षण आला. लेखापालांनी हात आखडला. "ऑडिटला महसुली नुकसान म्हणून आक्षेपाचा परिच्छेद येईल, आणि तो तुमच्या नावावर येईल." वर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठराव निलंबित करू शकतात, हेही त्यांनी ऐकवलं. त्यांचं चुकत नव्हतं. पण जे भाडं दडवलं जातं त्यावर आम्हाला एक रुपयाही मिळत नव्हता. मिळत नसलेल्या पैशाचं नुकसान कसं मोजायचं? मुख्याधिकाऱ्यांनी हा प्रश्न टिपणीत जसाच्या तसा लिहायला लावला आणि सही केली.

काय केलं

इथे एक गोष्ट सांगायला हवी. २०२१ च्या अखेरीस नगरसेवकांची मुदत संपली होती, निवडणुका लांबल्या होत्या आणि मुख्याधिकारीच प्रशासक होते. एरवी ज्या ठरावावर सर्वसाधारण सभेत तीन तास भांडण झालं असतं, तो एका दुपारी झाला. तेव्हा आम्हाला हे भाग्य वाटलं. पण तो ठराव वॉर्डात नेऊन लोकांच्या गळी उतरवायला कोणीच नव्हतं. एका सहीने झालेला ठराव गावातल्या कुणाचाच नव्हता.

मग आम्ही मोठी चूक केली. जनजागृती म्हणून रिक्षा फिरवली. भोंग्यावर मजकूर होता: "सर्व मालमत्ताधारकांनी आपल्या भाडेकरूंची माहिती नगरपरिषदेत सादर करावी, करार नोंदणीकृत करून घ्यावा." घरपट्टी वाढणार नाही, हे वाक्य मजकुराच्या शेवटी होतं. चालत्या रिक्षातून शेवटचं वाक्य कुणाच्या कानावर पडतं? लोकांनी ऐकलं ते एवढंच की नगरपरिषद भाडेकरू मोजतेय. त्या आठवड्यात बंदराकडच्या आळीत दोन खोल्या रिकाम्या करायला लावल्या गेल्या. एका खोलीत हॉटेलातली तीन मुलं होती. ज्यांच्यासाठी खटाटोप, त्यांच्यावरच पहिला घाव. मजकूर मी लिहिला होता.

रिक्षा बंद केली. पुढचं काम वसुली लिपिक आणि एका निवृत्त शिक्षिकेने केलं. बाईंच्या हाताखालून अर्धं गाव शिकलेलं. मुंबईत बसलेला मालक नगरपरिषदेचा फोन उचलत नसे, बाईंचा उचलायचा.

सोबत मराठीत दीड पानाचा नमुना करार केला. त्यातली तीन कलमं अनुभवातून आली.

एक मुदतीचं. अकरा महिन्यांचा करार जूनमध्ये सुरू झाला की एप्रिलअखेरीस संपतो, म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर. मालक कायदा न मोडताच भाडेकरूला मे महिन्यात बाहेर काढू शकतो. अकरा महिन्यांत नोंदणी लागत नाही, असा समजही सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आम्ही २४ महिने सुचवले. खर्च दाखवला: सहा हजार भाडं आणि बारा हजार अनामत धरली, तर ०.२५ टक्क्याने मुद्रांक शुल्क चारशेच्या आत आणि शहरी हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये.

दुसरं अनामतीचं. दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको. आदर्श कायद्यातली मर्यादा आम्ही उसनी घेतली. सक्ती नव्हती, पण छापील कागदावर आकडा असला की घासाघीस तिथून सुरू होते.

तिसरं गणपतीचं, आणि माझ्या मते सगळ्या घरांची कुलपं याच कलमाने उघडली. कुणाही मालकाला आपलं घर गणपतीत परक्याच्या ताब्यात नको असतं. मूर्ती दरवर्षी त्याच माजघरात, त्याच कोनाड्यासमोर बसते. म्हणून करारात लिहिलं: माजघर आणि देवाची खोली मालकाकडे, किल्ली त्याची. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत मालकाच्या कुटुंबाला पुढचा भाग आणि न्हाणी वापरता येईल. त्या महिन्याचं भाडं निम्मं. वकील हसले, पण त्यांनी ते नीट शब्दांत बसवून दिलं.

कोकम सरबत देणाऱ्या काकांना शेवटी कायद्याची भीती कायद्यानेच घालवली. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली आणि माणूस उठला नाही, तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तोवर दुप्पट दराने पैसे मागता येतात. उलट नोंदणी नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं, मालकाने खोटं ठरवेपर्यंत. काका दोन मिनिटं सुपारी कातरत बसले. "म्हंजे कागद केला तर मी वाचतो?" मी हो म्हटलं. त्या दिवाळीनंतर त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत दोन सिस्टर राहायला आल्या. आधी कौलं परतून घेतली, न्हाणीला दार बसवलं. तो खर्च चार महिन्यांच्या भाड्यातून वळता झाला.

निष्पत्ती

पहिल्या गणपतीपर्यंत सात करार झाले, दोन वर्षांत एकवीस. चाळीसच्या यादीच्या मानाने हे वाईट नाही, शहराच्या गरजेच्या मानाने थोडं आहे. रुग्णालयाची रात्रपाळी भरली. गावातलं भाडं खाली आलं नाही, तशी अपेक्षाही नव्हती. अनामत मात्र उतरली, आणि ज्यांनी आमचा करार केला नव्हता तेही दोन महिन्यांचीच मागू लागले.

पहिलं गणपतीचं कलम वापरलं गेलं तेव्हा मी मुद्दाम काकांकडे गेलो. सगळं कुटुंब आलेलं, अंगणात पोरांची गर्दी, चुलीवर खापरोळ्या. दोघींपैकी एक सिस्टर गावी गेली होती, दुसरी ड्यूटीमुळे थांबलेली. तिला आरतीला बोलावलं होतं आणि काकांची सून तिला आपला रक्तदाब तपासायला सांगत होती.

वारसांच्या प्रश्नावर आम्ही हरलो. वकिलांनी सगळ्या सहहिस्सेदारांच्या संमतीचा आग्रह धरला आणि बारा-तेरा चांगली घरं तिथेच अडली. एका ठिकाणी आठ सह्या झाल्या, नववी त्या न बोलणाऱ्या आत्यांची होती.

आणि एकवीसपैकी चार घरं दुसऱ्या वर्षी मुदत संपण्याआधीच आपसात सोडवून घेऊन न्याहारी-निवासाकडे गेली. भाडेकरूच्या पैशाने कौलं परतली, न्हाणी सुधारली, आणि सुधारलेल्या घरात पर्यटक आले. यात बेकायदा काही नाही. मला मात्र ते लागलं.

पुन्हा करायचं झालं तर

रिक्षा फिरवणार नाही. आधी दहा घरमालकांकडे चालत जाईन, पाच करार होऊ देईन आणि मग ज्यांनी केले त्यांनाच बोलू देईन.

दुरुस्तीच्या मोबदल्यात मुदत बांधून घेईन. भाड्यातून दुरुस्ती वळती करायची असेल तर तीन वर्षं घर राहण्यासाठीच द्यायचं, अशी अट पहिल्याच मसुद्यात हवी होती. आम्ही मालकाला घाबरवायचं नाही म्हणून ती टाळली.

सामाईक घरांसाठी सगळ्यांच्या सह्यांमागे धावण्याऐवजी एका वारसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र, भाडं सामाईक बँक खात्यात आणि हिशेबाची प्रत सगळ्यांना, असं करून बघेन. भांडण बहुतेक वेळा घरावर नसतं, पैसे कोण खातो यावर असतं. न बोलणाऱ्या आत्यांना महिन्याला बँकेचा संदेश आला असता, तर कदाचित सहीही आली असती.

सगळ्यात जास्त बोचतं ते खलाशांचं. आमच्या एकवीस करारांत नर्स, शिक्षक, बँकेतली माणसं. सगळे मालकाला चालणारे. खलाशी एकही नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ते गावी जातात, त्यामुळे त्यांना दहा महिन्यांचीच खोली हवी असते, आणि सहा-सात जण मिळून. आमचा २४ महिन्यांचा नमुना त्यांना बसतच नव्हता. पण खरं कारण ते नाही. मालक म्हणायचे, "कुटुंबाला देऊ," आणि आम्ही पुढे विचारलं नाही, कारण आम्हाला करारांचा आकडा वाढवायचा होता. होडीमालकांना सोबत घेऊन त्यांच्या नावे करार करता आले असते. बंदरातली माणसं अजून जाळ्यांच्या शेडमध्ये आणि एका जुन्या बर्फ कारखान्याच्या माळ्यावर झोपतात.

लेखापालांचं भाकीत खरं ठरलं. ऑडिटचा परिच्छेद आला, 'भाडेतत्त्वावरील मालमत्तांच्या आकारणीत वाढ न केल्याने महसुली नुकसान'. त्याचं उत्तर मी दोनदा पाठवलं आहे. सोबत एकवीस करारांची यादी, आणि त्याआधीच्या पाच वर्षांत भाडेकरू म्हणून नोंद झालेल्या घरांची यादी जोडली. दुसऱ्या यादीत तीन घरं आहेत. परिच्छेद अजून निकाली निघालेला नाही.